थंड हवेचे वाङ्मय

वैशाखाचा वणवा पेटला, दिल्ली, ग्वाल्हेर, कानपूर, जयपूर या बाजूंस 'लू' वाहू लागली, म्हणजे बृहन्महाराष्ट्रातील मराठी घरांतून एक ठरलेली हालचाल सुरू होते. मुलांच्या परीक्षा आटोपलेल्या असतात. गृहस्थांचा रजेचा अर्ज साहेबांच्या टेबलावर पोहोचलेला असतो. लोकरीचे कपडे डांबराच्या गोळ्यांचा वास घेऊन कपाटातून खाली उतरतात. मग कुणी सिमल्यास, कुणी नैनितालास, कुणी मनालीस, तर कुणी काश्मिरास प्रस्थान ठेवतो. पंधरवड्याने मंडळी परततात आणि आषाढाच्या सुमारास, बाहेर पहिला पाऊस पडत असता, त्यांतील काहीजण लेखणी उचलतात. महाराष्ट्राबाहेर निघणाऱ्या मराठी नियतकालिकांतून असे लेख इतक्या सातत्याने येत आले आहेत की, त्यांचा एक स्वतंत्र वाङ्मयप्रकार मानावयास हरकत नसावी. त्यास आम्ही 'थंड हवेचे वाङ्मय' असे म्हणतो.

या प्रकाराकडे समीक्षक सहसा वळत नाहीत. कविता आणि कादंबरी यांच्या पंक्तीस त्याला पान मांडलेले नसते. परंतु परमुलखात नोकरीनिमित्त राहणारा मराठी माणूस स्वतःविषयी जे थोडेफार लिहितो, त्यांतील पुष्कळसे याच प्रकारात मोडते. तेव्हा त्याचे गुणदोष एकदा नीट तपासणे आवश्यक आहे. आम्ही स्वतः याच वर्गातले आहोत. पुढे जे आक्षेप येतील त्यांतला एकही आमच्या जुन्या लेखांस लागू पडत नाही, असे म्हणण्याचे धाडस आम्ही करणार नाही.

प्रथम या लेखांचा साचा पाहू. आरंभी रजा मंजूर होण्यातील अडथळे. मग काल्क्याची छोटी गाडी, तिचे शंभराहून अधिक बोगदे आणि मुलांनी ते मोजताना घातलेला गोंधळ. बडोग स्थानकावर तेथल्या इंग्रज अभियंत्याच्या भुताची गोष्ट. सिमल्याचा मालरोड, रिज आणि जाखूची माकडे. हॉटेलात गरम पाण्यावरून झालेली कुरबूर. अकस्मात भेटलेले दुसरे मराठी कुटुंब आणि त्यांच्या डब्यातली चकली. पहिला बर्फ पाहून सौभाग्यवतींनी काढलेले उद्गार. शेवटी परतीच्या गाडीत लेखकाला निसर्गापुढे मानवाच्या क्षुद्रतेची जाणीव होते आणि लेख संपतो.

हा साचा वाईट आहे असे आम्ही म्हणत नाही. कीर्तनाला पूर्वरंग आणि उत्तररंग असावाच लागतो, तसा या लेखांनाही एक आकार असतो आणि वाचकाला त्याची ओढ असते. त्यातला कौटुंबिक विनोद पुष्कळदा अस्सल असतो. आमचे म्हणणे वेगळे आहे. इतके लेख वाचूनही आम्हांस हिमालयाविषयी फारसे काही कळलेले नाही. कळले ते एवढेच की तेथे थंडी असते, दृश्य सुंदर असते आणि पोळी महाग असते.

असे का व्हावे? याचे एक कारण या सहलीच्या जन्मकथेतच आहे. देव पाहावयास किंवा पोट भरावयास माणसे डोंगरात पूर्वीपासून जात आली. परंतु उन्हाळा टाळण्यासाठी डोंगरमाथ्यावर नगर वसवून राहणे, ही या देशात रुजलेली चाल मुख्यतः इंग्रज अंमलदारांची. १८६४ पासून हिंदुस्थान सरकारचा कारभार दर उन्हाळ्यात कलकत्त्याहून सिमल्यास हलू लागला. कारकून, फाइली, कुटुंबे आणि खानसामे असा सारा संसार हजार मैलांहून अधिक अंतर तोडून डोंगर चढे. १९२१ च्या मे महिन्यात गांधीजी प्रथमच सिमल्यास गेले आणि त्या भेटीवर त्यांनी 'नवजीवना'त एक लेख लिहिला. त्याचे शीर्षक 'पाचशेवा मजला' असे होते. एवढ्या उंचीवर बसलेल्या राज्यकर्त्यास खालच्या माणसाची हाक कशी ऐकू यावी, हा त्यातील प्रश्न होता.

त्याच वर्षी, १४ जानेवारीस, कुमाऊँमधील बागेश्वर येथे उत्तरायणीच्या जत्रेत आणखी एक गोष्ट घडली होती. दौऱ्यावरील अंमलदारांचे आणि प्रवाशांचे सामान पहाडी खेडुतांनी सक्तीने वाहून न्यावे, अशी 'कुली-बेगार' नावाची प्रथा होती. कुणाची पाळी केव्हा, याच्या नोंदवह्या गावच्या प्रधानांकडे असत. बद्रिदत्त पांडे आदी पुढाऱ्यांच्या सांगण्यावरून जमलेल्या लोकांनी त्या वह्या सरयूच्या प्रवाहात फेकून दिल्या. हिमालयाच्या पर्यटनाचा इतिहास लिहावयाचा तर त्यात मालरोडाच्या बरोबरीने ही घटना आली पाहिजे. ज्या रस्त्यांवरून आपण आज मजेत जातो, त्यांवरून एकेकाळी आपल्यासारख्याच नोकरदारांच्या पेट्या दुसऱ्याच्या इच्छेविरुद्ध त्याच्या पाठीवरून गेल्या आहेत. आमच्या प्रवासलेखांत या गोष्टीचा उल्लेख आलेला आम्हांस आठवत नाही.

आता लेखनातील दोषांकडे वळू. पहिला दोष विशेषणांचा. काश्मीर म्हटले की 'नंदनवन', शिखर म्हटले की 'उत्तुंग', बर्फ म्हटला की 'शुभ्रधवल', दरी म्हटली की 'खोल खोल'. हे शब्द लेखकाने पहाडावर जमविलेले नसतात. घरून निघतानाच त्याने ते ट्रंकेत भरलेले असतात. काहीजण आपल्या समर्थनार्थ कालिदासाचे नाव पुढे करतात. परंतु 'कुमारसंभवा'चा पहिला सर्ग पुन्हा काढून पाहावा. हिमालयाला पृथ्वीच्या मानदंडाची उपमा देऊन कवी तेथे थांबत नाही. तो भूर्जपत्रावर लिहिलेली प्रेमपत्रे दाखवितो. गुहेत तेलावाचून उजेड देणाऱ्या वनौषधी दाखवितो. चामरासारखी शेपटी हलविणाऱ्या चमरी गाई दाखवितो. त्याची कल्पना स्वैर असेल, पण ती नेहमी एखाद्या वस्तूचा हात धरून चालते. आमची विशेषणे कशाचाच हात धरीत नाहीत. म्हणून ती नैनितालाला जितकी लागू पडतात तितकीच उटकमंडलाला आणि महाबळेश्वरालाही पडतात.

दुसरा दोष अज्ञानाचा. आणि तो अधिक गंभीर आहे. आमच्या लेखांत पहाडावरचे प्रत्येक झाड देवदार असते. वस्तुतः कुमाऊँ-गढवालच्या ज्या उंचीवर आपली मंडळी बहुधा फिरतात, तेथे चीड आणि बांज ही झाडे प्रमुख असतात, आणि या दोहोंतला फरक तेथल्या माणसाच्या जीवनमरणाशी निगडित आहे. बांजाच्या खाली पालापाचोळ्याचा ओलसर थर साचतो. तेथे पाणी मुरते आणि खालचा झरा टिकतो, असा पहाडी बायकांचा पिढ्यान् पिढ्यांचा अनुभव आहे. त्याचा पाला गुरांना चारा म्हणून उपयोगी पडतो. चिडाच्या वाळलेल्या सुयांना तिकडे 'पिरूल' म्हणतात. त्यांत राळ असते; उन्हाळ्यात डोंगरउतारावर त्यांचा गालिचा पसरतो आणि एका ठिणगीने पेट घेतो. एप्रिल, मे आणि जूनचा आरंभ हा वणव्यांचा हंगाम, आणि आपल्या सहलींचा हंगामही हाच. २०१६ साली आणि पुन्हा २०२४ साली हवाई दलाची हेलिकॉप्टरे भीमतालाचे पाणी उचलून पेटलेल्या जंगलांवर ओतीत होती.

मे महिन्यात राणीखेतच्या किंवा अलमोड्याच्या दरीवर जी निळसर झाक तरंगताना दिसते, ती बऱ्याचदा धुके नसून धूर असते. 'दरीने धुक्याची तलम ओढणी पांघरली होती' अशा थाटाचे वाक्य लिहिणाऱ्या लेखकाने ते वास घेऊन लिहिले असते, तर तलम ओढणीची उपमा त्याला सुचली नसती. हा केवळ वनस्पतिशास्त्राच्या ज्ञानाचा प्रश्न नाही. ज्याला धूर आणि धुके यांतला भेद कळत नाही, त्याचे वर्णन कितीही गोड असले तरी ते खोटे आहे. आणि खोटे वर्णन हा वाङ्मयीन दोषच होय.

तिसरा दोष माणसांच्या अभावाचा. या लेखांत माणसे पुष्कळ असतात, पण ती सगळी आपली असतात. पहाडी माणूस येतो तो घोडेवाला, हमाल, शिकारेवाला म्हणून. भाव करतो, 'साब, बोहनी का टाइम है' म्हणतो आणि निघून जातो. सिमल्याच्या चढणीवर पाठीवर सिलिंडर किंवा कपाट घेऊन चढणारे हमाल पुष्कळसे काश्मिरी असतात आणि गावात त्यांना 'खान' म्हणतात, ही गोष्ट तेथे दोन दिवस राहणाऱ्यालाही विचारली तर कळते. काल्का-सिमला मार्ग १९०३ साली सुरू झाला. बडोगच्या भुताची गोष्ट प्रत्येक लेखात असते. पण याच मार्गाच्या आखणीत भलकू नावाच्या एका निरक्षर पहाडी माणसाने अभियंत्यांना वाट दाखविली, ही तिथली लोकपरंपरा आमच्या लेखकांच्या कानी क्वचितच पडते. सिमल्यातील रेल्वेच्या संग्रहालयाला या भलकूचेच नाव आहे. भूत इंग्रजाचे असले की ते स्मरणात राहते. जिवंत राबलेला पहाडी माणूस राहत नाही.

येथे एका दुःखद घटनेचा उल्लेख करणे भाग आहे. २२ एप्रिल २०२५ रोजी पहलगामनजीक बैसरनच्या कुरणात दहशतवाद्यांनी २६ जणांची हत्या केली. त्यांत महाराष्ट्रातील सहा जण होते. उन्हाळ्याची सुटी घेऊन, लोकरीचे कपडे भरून, आपल्यासारखीच ती माणसे निघाली होती. त्यांच्या स्मरणापुढे वाङ्मयचर्चा करताना लेखणी अडखळते. परंतु त्या २६ जणांत पर्यटकांना वाचवू पाहणारा एक स्थानिक घोडेवालाही होता. ज्या माणसाशी आपण पन्नास रुपयांसाठी हुज्जत घालतो आणि लेखात ज्याला 'लबाड' हे विशेषण बहाल करतो, त्याच्यापैकीच तो एक. 'नंदनवन' या शब्दात त्या दिवशी मेलेल्या कुणालाच जागा नाही, पाहुण्यालाही नाही आणि यजमानालाही नाही.

यावर कुणी म्हणेल की मराठीत याहून वेगळे काही कधी लिहिलेच गेले नाही काय? गेले आहे. वरसईचे विष्णुभट गोडसे १८५७ साली उत्तरेकडे निघाले ते दक्षिणा मिळवावयास. बायजाबाई शिंदे यांच्या यज्ञाची वार्ता त्यांच्या कानी आली होती. वाटेत त्यांना बंडाने गाठले. त्यांचा 'माझा प्रवास' चिंतामणराव वैद्यांनी १९०७ साली छापविला. तो हिमालयाचा ग्रंथ नव्हे. परंतु पाहण्याची रीत त्याच्याकडून शिकण्यासारखी आहे. भटजींस सौंदर्याची हौस नव्हती. त्यांना भाव, अन्न, भय, रस्ता आणि माणसांची वागणूक हीच दिसत होती, आणि म्हणून त्यांची झाशी आजही डोळ्यांपुढे उभी राहते. परतताना त्यांनी आईवडिलांस स्नान घालण्यासाठी खांद्यावरून गंगेची कावड आणली. प्रवासातून काय आणावे याची त्यांची कल्पना स्पष्ट होती.

दुसरे नाव काकासाहेब कालेलकरांचे. साताऱ्यास जन्मलेल्या या मराठी माणसाने १९१२ साली स्वामी आनंदांसमवेत हिमालयातील तीर्थांची पायी यात्रा केली. त्यावरचे त्यांचे पुस्तक प्रथम गुजरातीत लिहिले गेले आणि नंतर मराठीत आले. या गोष्टीचा बृहन्महाराष्ट्रातील वाचकांनी विशेष विचार करावा असे आम्हांस वाटते. परमुलखात राहणाऱ्या माणसापुढे दोन वाटा असतात. एक, जेथे जावे तेथे आपले घर पाठीवर घेऊन जावे. दुसरी, जेथे राहतो त्या भूमीची भाषा इतकी आपली करावी की हिमालयाचा अनुभवही तीत लिहिता यावा. काकासाहेबांनी दुसरी वाट धरली. आणि त्यांच्या लेखनातील आत्मीयता काही अंशी या सवयीतून आली असली पाहिजे. हिंदीत राहुल सांकृत्यायनांनी 'किन्नर देश में' लिहिताना लोकांची बोली, दैवते, शेती आणि इतिहास हेच प्रवासाचे मुख्य द्रव्य मानले. हे दोघेही पुष्कळ चालले. पायी चालणाऱ्यास वाट विचारावी लागते आणि वाट विचारणाऱ्याची माणसांशी गाठ पडते. मोटारीतून फिरणाऱ्यास ड्रायव्हरच सर्व काही सांगतो, आणि तो तेच सांगतो जे आपल्याला ऐकावयाचे असते.

आता आमच्या मुख्य मुद्द्याकडे येतो. सरकारी नोकरास पाहता येत नाही म्हणून त्याचे प्रवासलेख असे होतात, असे आम्ही मानीत नाही. उलट त्याच्याइतके पाहण्याचे शिक्षण फार थोड्यांस मिळालेले असते. जमीन कुणाची, पाणी कुठून येते, जंगलावर हक्क कुणाचा, रस्त्याचा ठेका कुणाला गेला, पूल का खचला, हे प्रश्न त्याच्या रोजच्या कामातले असतात. वॉल्टर लॉरेन्स हा इंग्रज अंमलदार १८८९ साली जमीन-बंदोबस्तासाठी काश्मिरात गेला, आणि त्या कामातून त्याचा 'व्हॅली ऑफ काश्मीर' हा ग्रंथ १८९५ साली निघाला. त्याची दृष्टी राज्यकर्त्याची होती, हे विसरता येत नाही. तरीही त्यात पूर, दुष्काळ, पिके, घरे आणि बेगारीत पिचलेला शेतकरी, हे सर्व आहे. डल सरोवराच्या वर्णनांनी भरलेल्या आमच्या शंभर लेखांतून जे काश्मीर दिसत नाही, ते या एका बंदोबस्त-अधिकाऱ्याच्या ग्रंथात दिसते.

याहून जवळचे उदाहरण जोशीमठाचे. बद्रिनाथास जाणारे आणि औलीचा बर्फ पाहणारे यांच्या वाटेवरचे हे गाव. १९७६ साली गढवालच्या तत्कालीन आयुक्तांच्या, मिश्र यांच्या, अध्यक्षतेखालील समितीने सांगून ठेवले होते की, हे गाव जुन्या दरडीच्या भरावावर उभे आहे. येथे अवजड बांधकाम करू नये, उतारावरचे दगड हलवू नयेत आणि झाडे तोडू नयेत. २०२३ च्या जानेवारीत तेथील घरांना तडे गेले. तडे गेलेल्या इमारतींची संख्या आठशेंहून अधिक भरली. मधल्या सत्तेचाळीस वर्षांत जोशीमठाची किती रम्य वर्णने लिहिली गेली असतील! त्या साऱ्यांपेक्षा त्या गावाविषयीचे अधिक खरे आणि अधिक कळवळ्याचे लेखन एका सरकारी अहवालात होते, आणि ते कुणी वाचले नाही.

आमच्या नोकरदार लेखकाची शोकांतिका हीच आहे. कचेरीत बसून तो जे लिहितो ते खरे असते, पण त्याला तो वाङ्मय मानीत नाही. रजेवर जाऊन तो जे लिहितो त्याला तो वाङ्मय मानतो, पण त्यात खरे उरत नाही. लेखणी उचलताच तो आपले शिक्षण खुंटीला टांगतो. पाटबंधारे खात्यातला अभियंता नैनी तलावावर लिहितो, आणि संपूर्ण गाव याच तलावाचे पाणी पिते, १८ सप्टेंबर १८८० रोजी कोसळलेल्या दरडीने तेथे १५१ माणसे गाडली आणि त्यानंतर डोंगरावरचे पाणी वाहून नेण्यासाठी नाल्यांचे जाळे बांधले गेले, यांतले एक अक्षरही लिहीत नाही; लिहितो ते चंद्रबिंबावर. चंद्रबिंब कुणीही पाहील. नाले त्यानेच पाहावयास हवे होते.

एक आक्षेप आम्हांस अपेक्षित आहे आणि तो न्याय्यही आहे. वर्षभर फाइलींत मान घालून बसलेला माणूस चार दिवस विसाव्यास जातो. तेथेही त्याने तपासणी-अधिकारी होऊन हिंडावे काय? मुळीच नाही. त्याने विसावा घ्यावा, बर्फात खेळावे, मुलांबरोबर भुट्टे खावेत; आणि लिहू नये असे वाटले तर लिहूही नये. परंतु तो लिहावयास बसतो त्या क्षणी विसावा संपतो. वाचकाचा वेळ घेणे ही जबाबदारी आहे. आम्ही अहवाल मागत नाही. विनोदही टाकावयास सांगत नाही, पु. ल. देशपांड्यांच्या 'अपूर्वाई'ने १९६० सालीच दाखवून दिले की, स्वतःची फजिती सांगता सांगता परक्या माणसाकडे निकोप कुतूहलाने पाहता येते. आमची मागणी लहान आहे. प्रत्येक लेखात एक तरी गोष्ट अशी असावी की जी लेखकाने तेथे जाऊन विचारली, आणि जी विचारल्यावाचून त्याला कळली नसती.

२०२० साली रोहतांगखालचा नऊ किलोमीटरांचा अटल बोगदा खुला झाला. त्यातून पलीकडे जाण्यास किती मिनिटे लागतात हे सर्व सांगतात. हिवाळ्यात महिनोन्महिने तुटलेले राहणाऱ्या लाहौलच्या माणसाचे त्यामुळे काय झाले, त्याचा बटाटा आणि वाटाणा आता कोणत्या बाजारी जातो, त्याच्या घरापुढे मोटारींची रांग लागल्यावर त्याला काय वाटले, हे विचारणारा लेख आम्हांस वाचावयास आवडेल. २०१८ च्या मे-जूनमध्ये सिमल्यास पाण्याचे भीषण दुर्भिक्ष झाले; ऐन हंगामात लोक टँकरपुढे रांगा लावून उभे होते. पाहुण्यांनी येऊ नये, असे तेथील रहिवासीच त्या दिवसांत सांगत होते. सिमल्याचे पाणी खूप खालून, गुम्म्याच्या बाजूने पंपांनी वर चढविले जाते. हॉटेलातल्या गरम पाण्यावरून होणारी कुरबूर आमच्या लेखांतून मुळीच गाळू नये. फक्त तिच्या पुढे एक प्रश्न जोडावा: ते पाणी थंड असताना कुठून आले?

उन्हाळा पुन्हा येईल आणि रजेचे अर्जही पुन्हा जातील. आपल्यापैकी अनेकजण आयुष्यभर बदलीच्या गावी 'बाहेरचा' म्हणून राहिलेले आहेत. आपल्या घराकडे, भाषेकडे आणि सणावारांकडे कुणी आस्थेने पाहिले, नीट विचारपूस केली, म्हणजे किती बरे वाटते, हे आपणांस दुसऱ्याने सांगावयास नको. पहाडातल्या माणसासही तसेच वाटत असले पाहिजे. पुढच्या आषाढात जे लेख लिहिले जातील, त्यांतील एखाद्यात तरी एका झऱ्याचे, एका झाडाचे आणि एका घोडेवाल्याचे नाव लिहिलेले सापडावे. तेवढे सापडले तरी या वाङ्मयास समीक्षकांच्या पंक्तीत पान मांडावे, असा आग्रह आम्हीच प्रथम धरू.